तिथं जाऊन थर्मामीटर लावला कुणी?

मे महिन्यात सोलापुरात दुपारी एकच विषय असतो. आज किती? ४३ की ४४? पंखा गरम हवा फेकत असतो, माठातलं पाणीसुद्धा कोमट लागतं, आणि नव्या पेठेत चार वाजेपर्यंत चिटपाखरू दिसत नाही. अशाच एका दुपारी शेजारच्या काकूंनी मोबाइल माझ्यापुढे धरला. कुणीतरी पाठवलेलं चित्र होतं: निळाशार गोळा, त्यावर आडव्या उडणाऱ्या चमकत्या रेघा आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘या ग्रहावर काचेचा पाऊस पडतो, तापमान हजार अंश’.

काकूंनी चष्मा कपाळावर सरकवला. “आपल्या गावचं ऊन मोजायला इथं माणूस बसलाय. तिथं जाऊन थर्मामीटर लावला कुणी?”

मी शाळेत विज्ञान शिकवतो, तेव्हा दोन वाक्यांत उत्तर दिलं. काकूंना ते पटलं नाही, आणि न पटणंच बरोबर होतं. इतक्या मोठ्या दाव्याला दोन वाक्यं पुरत नाहीत. हे त्यांच्यासाठीचं सविस्तर उत्तर.

आधी गुरूची ओळख

आपल्या सूर्यमालेत गुरू हा सगळ्यांत मोठा ग्रह. त्याच्या रुंदीत ११ पृथ्व्या शेजारी शेजारी मावतात आणि वजन ३१८ पृथ्व्यांइतकं. पण त्याच्यावर उभं राहायला जमीन नाही. तो मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम या वायूंचा गोळा आहे. खाली जावं तसा वायू दाट होत जातो, पुढे दाबानं द्रवासारखा होतो. ‘गॅस’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सिलेंडर येतो, म्हणून सांगतो: हा ग्रह जळत नाही. जळायला ऑक्सिजन लागतो. गुरू तर गारठलेला आहे. त्याच्या ढगांच्या माथ्यावर शून्याखाली शंभर अंशांहून जास्त थंडी असते.

गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला जवळपास १२ वर्षं लागतात. हे आपल्याकडे आजी-आजोबांनाही ठाऊक आहे, फक्त वेगळ्या रूपात. गुरू सिंह राशीत आला की नाशिकला सिंहस्थ भरतो, आणि तो १२ वर्षांनीच भरतो याचं कारण गुरूची ही फेरी.

आता असाच एखादा वायूचा प्रचंड गोळा उचलून ताऱ्याच्या अगदी तोंडाशी नेऊन ठेवा. त्याची फेरी काही दिवसांत संपते आणि तो भाजून निघतो. अशा ग्रहांना ‘तप्त गुरू’ म्हणतात. काकूंच्या मोबाइलवरचा ग्रह याच जातीचा. सूर्यासारख्या शंभर ताऱ्यांपैकी जेमतेम एकाभोवती असा ग्रह असतो.

‘जवळ’ म्हणजे किती जवळ?

यातल्या एका ग्रहाचं नाव आपल्या घरातलं आहे. सिंह राशीच्या दक्षिणेला एक मंद तारा आहे, आपल्यापासून सुमारे ३४० प्रकाशवर्षांवर. (प्रकाश एका वर्षात जेवढं अंतर कापतो ते एक प्रकाशवर्ष, म्हणजे सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर.) या ताऱ्याला आणि त्याच्या ग्रहाला नाव द्यायची संधी २०१९ साली भारताला मिळाली. ताऱ्याचं नाव ठरलं ‘बिभा’, विश्वकिरणांवर मोलाचं काम केलेल्या भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्या स्मरणार्थ. ग्रहाचं नाव ‘संतमस’, संस्कृतात सगळीकडून दाटून आलेला अंधार, झाकोळ. हे नाव सुचवलं पुण्यातल्या १३ वर्षांच्या एका शाळकरी मुलानं. मी वर्गात हे सांगतो तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करतात.

संतमस बिभापासून फक्त ५२ लाख किलोमीटरवर आहे. आकडा ऐकून काही कळत नाही, म्हणून सूर्यमाला सोलापुरात मांडू. सिद्धेश्वराच्या मंदिराजागी सूर्य ठेवा आणि १० लाख किलोमीटर म्हणजे १०० मीटर धरा. मग बुध, सूर्याला सगळ्यांत जवळचा ग्रह, येतो पावणेसहा किलोमीटरवर, बाळ्याच्या आसपास. पृथ्वी १५ किलोमीटरवर, होटगीकडे. गुरू ७८ किलोमीटरवर, म्हणजे पंढरपूर गाठलं. आणि संतमस? मंदिरापासून अर्ध्या किलोमीटरवर. तलाव ओलांडला, किल्ल्याची तटबंदी आली की संपलं. याच मापानं खुद्द सूर्यच १४० मीटर रुंद आहे, हे लक्षात घेतलं की ती जवळीक अंगावर येते. संतमसच्या आकाशात त्याचा तारा आपल्या सूर्याच्या निदान पंचवीस-तीस पट रुंद दिसेल.

त्याची फेरी दोन दिवस आणि साधारण सव्वातीन तासांत पुरी होते. तिथं सिंहस्थ भरवायचा तर मंडप सोडायला वेळ मिळणार नाही. नुसत्या अंतराचा हिशोब केला तरी पृथ्वीच्या ८०० पटींहून जास्त ऊन तिथं पडतं, शिवाय बिभा सूर्यापेक्षा प्रखर आहे. आपण ४३ अंशांना हैराण होतो ते एका पटीच्या उन्हात.

मग हा दिसला कुणाला?

थेट कुणालाच नाही. ताऱ्याच्या झगमगाटात असा ग्रह वेगळा दिसत नाही. मोबाइलवर येणारी रंगीत चित्रं चित्रकारांनी काढलेली असतात. काकूंचा संशय इथपर्यंत शंभर टक्के रास्त आहे.

पण फुगडी आठवा. एक धट्टीकट्टी बाई आणि सहा वर्षांची पोर फुगडी घालतायत. पोर मोठं वर्तुळ घेत गरगरते, पण बाईही जागच्या जागी स्थिर नसते. तीही छोटंसं वर्तुळ घेते, कारण पोर तिला ओढत असते. आता समजा मिट्ट काळोख आहे आणि बाईच्या कपाळावर तेवढी बॅटरी लावलेली आहे. लांबून आपल्याला पोर दिसणार नाही, पण बॅटरी लयीत डुलताना दिसेल. त्या डुलण्यावरून पोर आहे हे कळेल, फेरीला किती वेळ लागतो ते कळेल, आणि पोर किती वजनाची तेही बऱ्यापैकी कळेल.

तारा आणि ग्रह असेच एकमेकांना धरून फिरतात. ताऱ्याचं ते डुलणं प्रकाशाच्या रंगातून मोजतात. रेल्वे लाइनीजवळ राहणाऱ्यांना ठाऊक आहे की गाडी जवळ येताना भोंगा चढा ऐकू येतो आणि पुढे गेली की एकदम उतरतो. प्रकाशाचंही तसंच. तारा आपल्याकडे येत असला तर त्याचा प्रकाश किंचित निळ्याकडे झुकतो, दूर जात असला तर तांबड्याकडे.

हा ‘किंचित’ किती बारीक असतो ते बघा. आपला गुरू सूर्याला सेकंदाला साडेबारा मीटर वेगानं हलवतो, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर. गावात शिरणाऱ्या एसटीचा वेग! एवढा वेग कित्येक प्रकाशवर्षांवरून ओळखायचा. शिवाय गुरूची फेरी १२ वर्षांची, म्हणजे खात्री पटायला आयुष्याचा मोठा तुकडा द्यायचा.

१९९५ साली मिशेल मेयर आणि दिदिए क्वेलोझ या स्वित्झर्लंडच्या दोघा शास्त्रज्ञांनी फ्रान्समधल्या एका वेधशाळेतून ‘५१ पेगासी’ नावाचा तारा तपासला. तो आपल्यापासून सुमारे ५० प्रकाशवर्षांवर आहे. तो ताशी २०० किलोमीटरनं मागे-पुढे डुलत होता आणि एक डोल पुरा व्हायला लागत होते फक्त ४.२ दिवस. वजनाचा हिशोब केला तर गुरूच्या निम्मं निघालं. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा हा पहिला परका ग्रह, आणि तो नेमका असा जिथं असूच नये असं सगळे समजत होते. दोघांना २०१९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

मला यात एक गोष्ट फार लागते. ऑटो स्ट्रूव्ह नावाच्या खगोलशास्त्रज्ञानं १९५२ सालीच लिहून ठेवलं होतं की ताऱ्याच्या अगदी जवळही मोठे ग्रह असू शकतील, शोधून बघा. ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही. आपल्या अंगणात गुरू लांब आहे, म्हणजे सगळीकडे लांबच असणार, असं गृहीत धरलं गेलं आणि चार दशकं गेली.

तारा डुलतो म्हणजे ग्रहच असेल कशावरून?

हा प्रश्न तेव्हा तज्ज्ञांनीही विचारला. काही म्हणाले, ताराच फुगत-आकसत असेल. वाद मिटला तो १९९९ साली, दुसऱ्याच एका ताऱ्यावर. त्याचं यादीतलं नाव एचडी २०९४५८. डुलण्यावरून तिथं साडेतीन दिवसांत फिरणारा ग्रह असावा असं दिसत होतं. तो खरोखर असेल आणि त्याची कक्षा आपल्या नजरेच्या रेषेत असेल, तर तो ठरल्या वेळी ताऱ्यासमोरून जाईल आणि ताऱ्याचा उजेड थोडा कमी होईल. शास्त्रज्ञांनी दुर्बिणी लावल्या. ठरलेल्या वेळी उजेड सुमारे दीड टक्क्यानं उतरला, तीनेक तास उतरलेला राहिला आणि पुन्हा पूर्ववत झाला.

दीड टक्का म्हणजे काय, तर ताटातल्या ज्वारीच्या भाकरीवर रुपयाचं नाणं ठेवा. नाणं भाकरीच्या एक दशांश रुंद असतं, म्हणजे तिचा शंभरावा भाग झाकतं. सूर्यापुढे गुरूचं मापही एवढंच. इथं दीड टक्का झाकला गेला, म्हणजे हा ग्रह गुरूपेक्षा रुंद निघाला, जवळपास एक तृतीयांशाहून जास्त. वजन मात्र गुरूच्या ७० टक्केच. घनता पाण्याच्या एक तृतीयांश! तव्यावरच्या फुलक्यासारखा फुगलेला ग्रह. तप्त गुरूंपैकी बरेच असे अपेक्षेपेक्षा जास्त फुगलेले आहेत, आणि ताऱ्याची धग आत खोलवर पोचते तरी कशी यावर आजही शास्त्रज्ञांचं एकमत नाही.

डुलणं आणि झाकलं जाणं या दोन वेगळ्या साक्षी आहेत. दोन्ही एकाच वेळापत्रकावर बोट ठेवतात, तेव्हा ग्रह नाही म्हणणं अवघड होतं.

हे काम आपल्याकडेही चालतं. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेची १.२ मीटरची दुर्बीण माउंट अबूला गुरुशिखरावर आहे. तिला जोडलेल्या ‘पारस’ या उपकरणानं २०२१ साली सुमारे ७२५ प्रकाशवर्षांवरचा एक तप्त गुरू पक्का केला. त्याची फेरी ३.२ दिवसांची.

आता काकूंचा थर्मामीटर

तान्ह्या बाळाचं वजन कसं करतात? बाळ काट्यावर स्थिर राहत नाही, म्हणून आई त्याला कडेवर घेऊन उभी राहते. मग बाळ दुसऱ्याकडे देऊन एकटी उभी राहते. दोन आकड्यांतला फरक म्हणजे बाळ.

ग्रहाची धग अशीच मोजतात. प्रत्येक तापलेली वस्तू उष्णतेचे किरण सोडते, डोळ्यांना न दिसणारे. तवा लाल झालेला नसला तरी हात जवळ नेला की कळतं, ते याच किरणांमुळे. ग्रह ताऱ्याच्या शेजारी असताना दोघांचे मिळून किरण मोजायचे. काही तासांनी तो ताऱ्याच्या मागे दडतो, तेव्हा एकट्या ताऱ्याचे मोजायचे. वजाबाकी केली की ग्रहाची धग हातात येते, आणि धग कळली की तापमान कळतं.

काकूंच्या मोबाइलवरचा निळा ग्रह म्हणजे एचडी १८९७३३ बी (ताऱ्याच्या नावापुढचं ‘बी’ म्हणजे त्याचा ग्रह), सुमारे ६५ प्रकाशवर्षांवरचा. स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीनं तो फिरत असताना सलग तासन्‌तास अशी मोजणी केली आणि २००७ साली त्याच्या तापमानाचा नकाशा प्रसिद्ध झाला. सुमारे ६५० ते ९३० अंश सेल्सियस. ‘हजार अंश’ ही थोडी फुगवलेली बातमी, पण खोटी नव्हे. सगळ्यांत तापलेल्यांपैकी एक, केल्ट-९ बी, दिवसाच्या बाजूला ४३०० अंशांपर्यंत जातो. कित्येक तारेसुद्धा त्याच्यापेक्षा थंड असतात.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की संतमस आपल्या बाजूनं पाहता ताऱ्यासमोरून जाताना आढळलेला नाही. म्हणजे तो ताऱ्यामागेही दडत नसावा, त्यामुळे ही वजाबाकी त्याला लागू पडत नाही. त्याचं तापमान हजार अंशांच्या बरंच पुढे, पण ते अंतरावरून काढलेलं गणित आहे. मोजलेलं वेगळं आणि हिशोबानं काढलेलं वेगळं. हा फरक फॉरवर्डमध्ये कधीच सांगत नाहीत, आणि माझ्या लेखी तोच सगळ्यांत महत्त्वाचा.

एका अंगाला कायमची दुपार

देवळात प्रदक्षिणा घालताना आपली उजवी बाजू सतत देवाकडे असते. गाभाऱ्यातून पाहणाऱ्याला आपला डावा खांदा दिसतच नाही. तप्त गुरूंचं असंच होतं. तारा इतका जवळ असतो की त्याच्या ओढीनं ग्रहाची स्वतःभोवतीची गिरकी मंदावत जाते आणि शेवटी एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहते. चंद्रानंही पृथ्वीपुढे हेच केलं आहे, म्हणून आपल्याला चंद्राची एकच बाजू दिसते.

म्हणजे अर्ध्या ग्रहावर कायमची दुपार, अर्ध्यावर कायमची रात्र. मग रात्रीची बाजू गार पडायला हवी. तरी निळ्या ग्रहाच्या वरच्या नकाशात किमान आकडाही ६५० च्या आसपास आहे. कारण वारा. या ग्रहावर वारे सेकंदाला सुमारे दोन किलोमीटर वेगानं वाहतात. सोलापूरहून तुळजापूरला पोचायला त्यांना अर्धा मिनिटही लागणार नाही. ते दिवसाकडची धग ओढून रात्रीकडे नेतात. म्हणूनच तिथला सगळ्यांत तापलेला पट्टा ताऱ्याच्या बरोबर समोर नसून पूर्वेला सरकलेला आढळला.

काचेचा पाऊस खरा का?

अर्धा खरा. ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या वातावरणाच्या कडेतून गाळून येतो. चादर उन्हापुढे धरली की काठाशी विरळ विणीतून उजेड झिरपतो आणि त्यात सुताचा रंग मिसळतो, तसं. वातावरणातला प्रत्येक वायू ठरावीक रंग शोषतो. २००२ साली हबल दुर्बिणीनं एचडी २०९४५८ च्या ग्रहावर अशा रीतीनं सोडियम ओळखलं. २०२२ साली जेम्स वेब दुर्बिणीनं वास्प-३९ बी या ग्रहावर कार्बन डायऑक्साइड स्पष्ट दाखवला.

निळ्या ग्रहाचा निळा रंग २०१३ साली हबलनंच मोजला. तो समुद्राचा नव्हे. वातावरणातले सिलिकेटचे, म्हणजे वाळू आणि काच ज्या कुळातली त्या कुळातले, बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरत असावेत. आणि २०२३ साली जेम्स वेबनं वास्प-१७ बी या दुसऱ्या एका तप्त गुरूच्या ढगांत क्वार्ट्‌झचे (म्हणजे गारगोटीचे) अतिसूक्ष्म स्फटिक ओळखले. तेव्हा काचेच्या कुळातले ढग ही कवीकल्पना नाही. पण आडव्या उडणाऱ्या काचेच्या सुया कुणी पाहिलेल्या नाहीत. तसले ढग आणि तसला वारा एकत्र आले तर काय होईल, याचं ते चित्र आहे.

ढगांच्या बाबतीत सोलापूरकरांना एक गोष्ट वेगळी सांगायला नको. पाऊस पडायला नुसती वाफ पुरत नाही. वाफ चिकटायला कण लागतो, बीज लागतं. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनं २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात आपल्याच डोक्यावरच्या ढगांत विमानातून असं बीज पेरून प्रयोग केले. तप्त गुरूंवरही बीज लागतंच, आणि ते काम तिथं टायटॅनियमच्या ऑक्साइडचे कण करत असावेत असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. आपल्याकडे पाण्याची वाफ, तिकडे दगडाची. वास्प-७६ बी वर तर लोखंडाची. दिवसाच्या बाजूला २४०० अंशांच्या वर लोखंड वाफ होऊन राहतं आणि रात्रीकडे गेलं की निवतं, असं २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांवरून दिसलं.

इतक्या धगीत ग्रह उडून कसा जात नाही?

उडतो, थोडा थोडा. एचडी २०९४५८ च्या ग्रहावरून सेकंदाला निदान दहा हजार टन हायड्रोजन निसटतो असा अंदाज आहे. ऐकायला भयंकर. पण याच वेगानं पाच अब्ज वर्षं गळत राहिला तरी ग्रहाच्या वजनाचा हजारावा भागच जाईल. स्वतःच्याच वजनानं तो वायू धरून ठेवतो. सगळेच इतके सुदैवी नाहीत. वास्प-१२ बी ताऱ्याकडे हळूहळू ओढला जातोय. त्याची २६ तासांची फेरी दर वर्षी २९ मिलिसेकंदांनी कमी होते आणि सुमारे ३० लाख वर्षांत तो संपेल.

आणि तो तिथं पोचला कसा?

मी शाळेत होतो तेव्हा फळ्यावर हे पक्कं होतं: सूर्याजवळ छोटे दगडी ग्रह, लांब मोठे वायूचे. कारणही पटणारं होतं. वायूचा राक्षस तयार व्हायला आधी खडक आणि बर्फाचा मोठा गाभा लागतो, आणि बर्फ टिकतो तो ताऱ्यापासून लांब. ते कारण आजही खरं आहे. तप्त गुरू बहुतेक लांबच जन्मतात आणि नंतर आत येतात. काही, ताऱ्याभोवती सुरुवातीला असलेल्या वायूच्या चकतीत रुतत-घसरत. काही, शेजारच्या ग्रहांशी ओढाताण होऊन ताऱ्याकडे फेकले जातात, आणि मग ताऱ्याच्या ओढीनं त्यांची लांबुडकी कक्षा गोल होत जाते. दुसऱ्या रीतीची खूण सापडली आहे. मघाशी स्फटिकांसाठी ज्याचं नाव घेतलं तो वास्प-१७ बी, त्याचा तारा ज्या दिशेनं गिरकी घेतो त्याच्या उलट दिशेनं फिरतो. प्रदक्षिणेच्या गर्दीत एकटाच उलटा निघालेला. नुसता घसरत आलेला ग्रह असा उलटा वळत नाही. त्याला कुणीतरी जोरात ढकललेलं असणार.

एका सूर्यमालेवरून साऱ्या विश्वाचा नियम काढला होता. तो १९९५ साली मोडला याचं मला अजूनही नवल वाटतं, आणि आनंदही.

बघायचं असेल तर

ग्रह दिसणार नाही, पण त्याचा तारा दिसतो. डिसेंबरच्या शेवटी हुरड्याला शेतावर गेलात आणि परतायची घाई नसली, तर संध्याकाळी साधारण सातला वर बघा. माथ्यावरून पश्चिमेकडे कललेला चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसेल. त्यातले पश्चिमेकडचे दोन तारे म्हणजे पूर्वा भाद्रपदा. त्या दोघांच्या साधारण मधोमध, चौकोनाच्या किंचित बाहेर, एक अगदी मंद ठिपका आहे. काळोख चांगला असेल तर डोळ्यांनी, नाहीतर साध्या द्विनेत्रीनं सापडतो. तोच ५१ पेगासी.

काकूंना तो मी गेल्या हुरड्याला दाखवला. त्यांनी बराच वेळ द्विनेत्री डोळ्यांना लावून ठेवली. मग विचारलं, “आत्ता तो पुढं आहे का मागं?” मी वहीत हिशोब केला. मागच्या बाजूला होता. “मग थांबू की,” त्या म्हणाल्या, “दोन दिवसांत पुढं येईल.”